डॉक्टर लग्नाला गेलेत

"वर बघा," असं म्हणत सिस्टर समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने ओढायच्या. ओळख असो वा नसो. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर सोसायटीच्या सभेत भाषणाला उभ्या राहिलेल्या सेक्रेटरीबाईंनाच त्यांनी वर बघायला लावलं. पापणी आतून फिकट दिसली की निकाल जाहीर: "रक्त कमी हाय. उद्याच तपासून घ्या." तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याला बघून लोक लिफ्ट सोडून जिना धरतात, आणि जरा काही दुखलं-खुपलं की त्याचंच दार वाजवतात.

कामोठ्याच्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर दहावीचे क्लास घेतो. सिस्टर पहिल्यावर राहायच्या. माहेर उरणकडचं, मोरा बंदराजवळच्या गावातलं. पनवेलला एसटी स्टँडजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्या वीसेक वर्षं नर्स होत्या. पेशंटशी बोलताना भाषा अगदी इस्त्री केलेली. चिडल्या किंवा खूश झाल्या की हाय-नाय सुरू.

एका दुपारी त्या पिशवीभर कागद घेऊन वर आल्या.

"सर, तुमी पोरांना पास करता ना? मला पण करा."

नर्सची परीक्षा घेऊन, वर सहा महिने शिकवून, गावच्या उपकेंद्रावर आरोग्य अधिकारी म्हणून नेमतात. तिथे साध्या आजारांवर ठरलेली औषधं आपल्या निर्णयाने द्यायची आणि अवघड पेशंट वेळेत पुढे पाठवायचा. सिस्टर या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. ही तिसरी खेप, आणि शेवटचीच, कारण पुढच्या वर्षी त्या वयात बसणार नव्हत्या.

"कशाला हा खटाटोप? चांगली नोकरी आहे की," मी म्हणालो.

"आमच्या गावच्या उपकेंद्राला रंग दिला, पाटी लावली, नि कुलूप घातलं. माणूसच नाय नेमलेला. माझी काकी जुलाबानं सुकत गेली. साखर-मिठाचं पाणी पाजा, एवढं सांगायला पण तिथं कोणी नव्हतं. रिक्षात घातली, पण ती पनवेलपर्यंत पोचली नाय, सर."

मी खुर्ची पुढे केली.

आता पेपर इंग्रजीत, म्हणून माझा समज असा, की बाईंचं इंग्रजी कच्चं असणार. मी एक सराव पेपर दिला. निम्मे प्रश्न चुकले. पोरांचे पेपर तपासून तपासून मला एक वाईट खोड लागली आहे: बरोबर उत्तरांपेक्षा मी चुकाच जास्त आवडीने वाचतो. सिस्टरच्या सगळ्या चुका सारख्याच होत्या. जिथे जिथे 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय होता, तिथे तिथे खूण त्याच्यावर.

मी एक प्रश्न तोंडी विचारला. बाळाला जुलाब होतायत, पण ते खेळतंय, दूध पितंय. काय कराल?

"ओआरएस, झिंक. आईचं दूध चालूच ठेवायचं. कुठली लक्षणं धोक्याची ते आईला समजवायचं," सिस्टर एका दमात म्हणाल्या.

"मग खूण इकडे का केलीत?"

"डॉक्टरांना न विचारता द्यायचं कसं?"

बघा, सगळं येत होतं! पण वीस वर्षं हाताला एकच वळण लागलेलं. त्यात त्यांची चूक तरी काय म्हणायची? हॉस्पिटलात त्याच वळणाने माणसं वाचतात. मला मात्र त्या पेपरापुढे बसून फार वाईट वाटलं.

घोकून घेण्यात अर्थ नव्हता. मग आम्ही नाटक सुरू केलं. दुपारी त्यांची ड्युटी संपायची, पोरं चारला यायची. मधल्या वेळात मी बाकावर पेशंट होऊन आडवा व्हायचो.

"डॉक्टर कुठायत?" पहिल्या दिवशी सिस्टरनी लगेच विचारलं.

"लग्नाला गेलेत. साताऱ्याला."

मी दमेकरी झालो. पोटाशी दप्तर बांधून सातव्या महिन्यातली बाई झालो. तेवढ्यात लवकर आलेल्या दोन पोरींनी ते बघितलं आणि वर्षभर मला ते भोगावं लागलं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "ताई, डोकं दुखतं का? डोळ्यापुढे अंधारी येते का?" त्या गंभीरपणे विचारत होत्या. साप चावलेला झालो तेव्हा म्हणाल्या, "अजिबात हलू नका. ह्यांना पुढे पाठवायचं. गाडी बोलवा." हळूहळू त्यांना कुठे थांबायचं ते कळू लागलं. "ह्यांना मी बघते," असं पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज इतका बारीक होता, की मला परत म्हणायला लावावं लागलं.

एकदा बीपीच्या प्रश्नासाठी त्यांनी खराखुरा पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"नाटक बंद. बोलू नका. पाठ टेका, पाय खाली सरळ."

पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चहा प्यायच्या आधी. आकडा काही खाली येईना.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं, सर."

"डॉक्टर लग्नाला गेलेत," मी म्हणालो.

"लग्न आटपलं. उद्या सकाळी दहाला."

गेलो. गोळी सुरू झाली. ती अजून चालू आहे, आणि मीही.

सिस्टर पास झाल्या. निकालाच्या दिवशी सुकटीचं पुडकं घेऊन वर आल्या आणि ते माझ्या हातात न देता थेट बायकोला दिलं. "खारं हाय, सरांना नाय," असं बजावलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी ते पोरांच्या वह्यांवर ढकललं.

पुढचं प्रशिक्षण झालं आणि नेमणूक आली, ती भलत्याच गावी. मोरा एकीकडे, हे पनवेलच्या पलीकडे डोंगराकडेला. एक दिवस त्या कुरकुरल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तिथं पण कोणाच्या तरी काकी असतील." आणि खोली सोडून गेल्या. पहिल्या मजल्यावर आता नवे भाडेकरू आहेत, भली माणसं आहेत, पण दुखलं-खुपलं तर त्यांचं दार कोण वाजवणार?

मागच्या महिन्यात न कळवता त्यांना भेटायला गेलो. उपकेंद्राच्या ओट्यावर सात-आठ बायका बसल्या होत्या. सिस्टर दारात उभ्या होत्या, पण त्यांनी मला पाहिलं नव्हतं. काठी टेकत आलेल्या एका म्हातारीने त्यांना विचारलं, "डॉक्टर कवा येतील गो?"

"डॉक्टर मंगळवारी येतात, आजी. आज मी हाय. काय होतंय ते मला सांग."

म्हातारीने त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग चपला काढल्या आणि आत जाऊन बसली.