एकतीस श्रोते आणि चाळीस गड्डे

चहा ओतलाच आहे तर सांगून टाकतो. पण हसायचं ते शेवटी हसा, मधे नको!

मला एक खोड आहे. इंग्रजी शब्द दिसला की त्याचं लॅटिन मूळ खणून काढल्याशिवाय चैन पडत नाही. आमची अनघा, म्हणजे बायको, मी "लॅटिनमध्ये..." एवढं म्हटलं की गॅस बंद करायला उठते. गॅस चालू नसला तरी!

पुण्याहून बेंगळुरूला येऊन सहा वर्षं झाली, पण एचएसआर लेआउटच्या आमच्या सोसायटीत मला ऐकून घेणारा एक माणूस भेटला नव्हता. शेवटी मालतीअक्कांना दया आली. अक्का मूळच्या बेळगावच्या. सोसायटीचा गणपती त्याच बघतात.

"गणपतीतल्या रविवारी जेवणाआधी दहाला बोल की स्वल्प," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं. एकवीस नको."

वीस मिनिटं! मी लगेच तक्ता करायला बसलो. कार्डशीटवर मोठं झाड काढलं. मुळाशी लॅटिन 'कापुट', म्हणजे डोकं. फांद्यांवर त्याची इंग्रजीतली पोरंबाळं: संघाचा कॅप्टन, हुद्द्याचा चीफ, मुदपाकखान्याचा शेफ, पुस्तकातला चॅप्टर. आणि अगदी खालच्या फांदीवर, दिसायला गोल डोकंच म्हणून, कॅबेज! त्याखाली "रविवार, सकाळी दहा, क्लबहाउस" आणि माझं नाव. तक्ता लिफ्टजवळच्या बोर्डावर लावून दिला. तिथे दोरीला पेन बांधलेलं असतंच.

संध्याकाळी बघतो तर काय, फांदीफांदीवर नावं! मोजली. एकतीस! मला वाटलं, ज्याला जो शब्द भावला त्याखाली त्याने नाव घातलं. कॅबेजखाली तेवढं कुणीच नव्हतं.

"एकतीस माणसं? लॅटिन ऐकायला? रविवारी?" अनघाने विचारलं.

"तुला बघवत नाही माझं कौतुक," मी म्हटलं आणि तडक आईला पुण्याला फोन लावला. आई म्हणाली, "कधी तुझं कुणी ऐकलं नाही रे! मला व्हिडिओवर दाखव हं."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे मुरलीअण्णा भेटले. "सर, मेरा नाम शेफ में है. बडी कढाई लाऊं?"

मला वाटलं, माणूस विषयात किती शिरलाय! म्हटलं, "लाइए, लाइए! रंगत येईल!"

तुम्हीच सांगा, इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही?

रविवारी दहाला मी झब्बा घालून, क्लबहाउसमध्ये तक्ता आणि लॅपटॉप लावून उभा. पहिल्यांदा कॅप्टनवाले आले, बॅट आणि सोसायटीतली डझनभर पोरं घेऊन. मग मुरलीअण्णा, कढईसकट. चॅप्टरखालचे आजोबा अथर्वशीर्षाचं पुस्तक घेऊन आले. खुर्चीवर मात्र कुणीच बसेना.

तेवढ्यात अक्का आल्या. "शाब्बास रे! कामाची यादी दरवर्षी मी लावते त्याच बोर्डावर. यंदा तू आधीच लावलीस, ते पण झाड काढून!"

आता कुठे ट्यूब पेटली. एकतीस जण कामाला आले होते. माझ्यासाठी एकही नाही.

"अक्का, पण माझं भाषण..."

"करूया की. आधी कोबी कोण चिरणार सांग. चाळीस गड्डे आलेत."

"कॅबेजखाली कुणाचं नाव नाही," मी म्हटलं.

"आहे की!" अक्कांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हे बघ, सगळ्यात खाली. तुझंच."

एका तासात मी 'कापुट'पासून थेट कॅबेजपर्यंत पोचलो होतो. झब्ब्याच्या बाह्या सारून मागच्या व्हरांड्यात बसलो. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण तयारी वाया कशाला घालवायची? चिरता चिरता पूर्ण वीस मिनिटं बोललो.

शेवटचा गड्डा हातात असताना अनघा फोन घेऊन आली. व्हिडिओवर आई.

"झालं का रे भाषण? माणसं किती होती?"

"चाळीस," मी म्हटलं. "एकही मधे उठून गेला नाही."

अनघाने कॅमेरा कोबीच्या ढिगाकडे वळवला.

आई म्हणाली, "अजून बारीक चीर रे. एवढ्या जाड फोडी शिजायच्या नाहीत."