वानराने उचललेला पिंड

वडिलांच्या दहाव्याला कावळा येईना. नीरेच्या काठावर मी मुंडण केलेल्या डोक्याने, ओल्या धोतरात उभा होतो आणि ऊन चढत होतं. कावळा पिंडाला शिवल्याशिवाय कुणी उठायचं नाही, जेवायचं नाही. कळस गावाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेले पाहुणे माझ्याकडे असे पाहायला लागले होते, की जणू कावळा आणण्याचं काम मीच विसरलो होतो.

कावळा का येत नाही, हे आत्याला ठाऊक होतं. ही वडिलांची थोरली बहीण. तिच्या नातवाच्या लग्नात मानाचा फेटा आधी व्याह्यांकडच्या कुणा पाहुण्याला बांधला गेला, मग वडिलांना. वडील न जेवता उठून घरी आले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत, आणि आता बोलायची सोयच राहिली नव्हती. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"माझ्यावरचा राग घिऊन गेला त्यो," ती म्हणाली. "न्हायतर एवढा येळ लागतोय व्हय?"

"तसं काय न्हाय, आत्या," माझा चुलतभाऊ म्हणाला. तो माळेगावला कारखान्यात आहे. "सकाळपासनं हितं दुसऱ्यांचे दहावे झाल्यात. कावळ्यांची पोटं भरल्याती."

"पोट भरलंय म्हणून भाऊ येत न्हाय?"

तो पुन्हा आभाळाकडे बघू लागला.

अशा वेळी मयताची काही इच्छा राहिली असावी असं धरून एकेकाने पिंडासमोर हात जोडून शब्द द्यायचा असतो. कुणी विहिरीची मोटार दुरुस्त करण्याचा दिला, कुणी बांधावरून न भांडण्याचा. मी गाय सांभाळण्याचा दिला. गाईजवळ गेलो की मला शिंका येतात, हे वडिलांना पक्कं माहीत होतं. कावळ्यानेही विश्वास ठेवला नसावा.

मग चुलतभावाला सुचलं. वडिलांना तो आबा म्हणायचा. "आबांला शेंगांचा लई नाद. शेंगा ठिवू." गुरुजी म्हणाले, कावळा भात खाईल, शेंगा कशाला? पण तोवर त्याने भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची सगळी पिशवी पिंडाभोवती ओतली होती.

कावळा आला नाही. चिंचेवरून वानर उतरलं.

काळं तोंड, लांब शेपूट, आणि चालण्यात सोसायटीच्या चेअरमनचा रुबाब. ते पिंडाशेजारी बसलं आणि शेंगा सोलू लागलं. कुणी दगड उचलला नाही. मारुतीरायाला दशक्रियेत दगड मारायची कुणाची छाती?

मी बारामतीत प्राणिशास्त्र शिकवतो. पिंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. बोटं लांब, आकड्यासारखी वळलेली. अंगठा अगदी आखूड. फांदीवरून फांदीवर जाताना मध्ये येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेला, असं आम्ही मुलांना सांगतो. त्यामुळे शेंग ते आपल्यासारखी चिमटीत धरत नव्हतं, तर्जनीच्या कडेला दाबून धरत होतं. नख्यांच्या जागी चपटी नखं, बोटांच्या टोकांना मऊ गादी, गादीवर बारीक रेषा. हे सगळं फांदी सुटू नये म्हणून. ज्यांची फांदी सुटली, त्यांच्या दशक्रियेला मुलंच उरली नाहीत. उत्क्रांती समजवायला मला याहून सोपं वाक्य सापडलेलं नाही, पण ते वर्गात म्हणता येत नाही.

आपले पूर्वज झाडावरून उतरले, अंगठा लांबला, बोटांच्या टोकांना नीट टेकायला लागला. त्या अंगठ्याने माणसाने दगड घडवले, सुई धरली आणि पुढे मानाचे फेटे बांधून भावाबहिणींत भांडणं लावली. वडील एका हाताने शेंग फोडत, दुसऱ्या हातात रेडिओ. त्यांच्या तळव्याला खोऱ्याचे घट्टे होते. घट्टे वारशाने मिळत नाहीत, हे मी दरवर्षी शिकवतो. माझे तळवे त्याचा पुरावा आहेत.

तेवढ्यात वानराने पिंड उचलला.

"अहो, हाकला त्याला," गुरुजी म्हणाले.

"तुमीच हाकला, गुरुजी. दात बघितलं का त्याचं?" चुलतभाऊ म्हणाला.

गुरुजींनी दात बघितले आणि दर्भाची जुडी काढली. कावळा मिळाला नाही तर दर्भाचा करून शिववतात. आत्याने हात आडवा केला. "गवताला काय कळतंय त्याच्या मनातलं? ऱ्हाऊ द्या."

वानराने पिंडाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला टाकून दिला. अळणी भात आणि तीळ, त्याचं तरी काय चुकलं? ते शेंगांची मूठ घेऊन चिंचेवर गेलं. आणि कुठून कोण जाणे, एक कावळा उतरला, त्या उष्ट्या पिंडाला त्याने चोच मारली आणि उडाला.

उष्ट्याला शिवलेलं धरायचं की नाही, हे गुरुजींनाही ठरवता येईना. सगळे आत्याकडे बघू लागले.

"शिवला," आत्या हळू म्हणाली. "पयला मान माकडाला गेला, तरी बी मागनं येऊन शिवला. राग न्हाय त्याचा. राग असता तर ह्यो भाऊ माकडामागं पंगतीला बसला असता व्हय?"

मला गप्प बसता आलं नाही. "आत्या, वानरं खाताना सांडतात. कावळे त्यासाठी त्यांच्या मागं फिरतातच."

"फिरत असतील की. तुजी माकडं तुला म्हाईत, माझा भाऊ मला म्हाईत. पाणी दे."

मी तांब्या दिला. तिने तो तोंड न लावता, वरून ओतून निम्मा संपवला, पदराने हनुवटी पुसली आणि काठावरच मांडलेल्या पंगतीच्या पहिल्या पानावर जाऊन बसली. मागून कुणीतरी पुटपुटलं, की ते पान गुरुजींचं आहे.

"बसतील की शेजारी," आत्या म्हणाली आणि भात कालवायला लागली.