जोडचाकं आणि खालचं खाचर

यंदा वैशाखात तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी आणि आजोबा बदलापूरच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. तुमच्या परीक्षांचं बोलणं झालं, तुमच्या तिकडे अजून स्वेटर लागतो तेही झालं. मग बाबा म्हणाले, "आई, सोनिवलीचं खालचं खाचर दोन पावसाळे पडीक आहे. यंदाही तसंच राहिलं तर बिल्डरला देऊन टाकू. तुमच्याच्याने आता होत नाही."

फोन स्पीकरवर होता. आजोबांनी हातातला पापड नीट पसरला. "लावणी झाली तर नाही ना द्यायचं?"

बाबा हसले. "झाली तर बघू."

बाळांनो, थोरल्याची एक चप्पल ज्या चिखलात गेली आणि अजून सापडलेली नाही, तेच हे खाचर. तिथली माती लोण्यासारखी मऊ. गावातले बैल कधीच गेले, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर कुणी आणत नाही. राहिला आपला बुटका लाल ट्रॅक्टर. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात आजोबा फिटर होते, तिथल्या हिरवळीवर तो गवत कापायचं यंत्र ओढायचा. कारखाना बंद झाला आणि तो आपल्याकडे आला. हिरवळीवर शोभणारी त्याची चाकं चिखलात जागच्या जागी फिरत बसतात.

चिखलणीला लोक लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. पण नव्या सिमेंटच्या रस्त्यावरून ती नेली की ओरखडे उठतात आणि सोसायटीवाले भांडायला येतात. म्हणून आजोबांनी ठरवलं, मागच्या प्रत्येक चाकाला बाहेरून आणखी एक टायरचं चाक जोडायचं. भार दुप्पट जागेवर पसरेल, ट्रॅक्टर रुतणार नाही.

टेम्पोत घालून ट्रॅक्टर उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या ओळखीच्या सिंधी वेल्डरकडे नेला. त्याने फेरी मारून पाहिलं. "साईं, ये ट्रॅक्टर है या बच्चे की सायकल?"

"तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. अदबीने बोल."

"तो फिर दोनों बुजुर्गों को नमस्ते," तो म्हणाला आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

दोन चाकांच्या मध्ये जाड पाइपची कडी बसवायची आणि लांब बोल्टांनी सगळं एकत्र आवळायचं, असं ठरलं. आजोबांनी मध्ये चार बोटं जागा सोडायला लावली, नाहीतर तिथे चिखल ठासून बसतो. बाहेरचं चाक उलटं फिरवून बसवलं तेव्हा टायरवरच्या नक्षीची टोकं मागे वळली; तशी ती चिखल धरत नाहीत, म्हणून डावीकडचं चाक उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे गेलं. आतल्या टायरात हवा भरता यावी म्हणून कडीला भोकही पाडलं. जुने जोडे पॉलिश करून निघावं तसे आजोबा खूश होऊन परतले.

आषाढात आवणातली भाताची रोपं लावणीजोगी झाली. आम्ही ट्रॅक्टर घेऊन सोनिवलीला गेलो आणि शेताच्या वाटेवरच अडलो. आजोबांनी सगळं मोजलं होतं, वाट तेवढी मोजली नव्हती. त्यांच्या मनात ती अजून बैलगाडीचीच होती. दोन्ही बाजूंना नव्या इमारतींच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि जोडचाकांचा ट्रॅक्टर त्यांच्यामध्ये मावत नव्हता.

शेजारच्या शेतातली आजी बांधावर बसून बघत होती. "वयनी, गारी म्होटी केली न् वाट हाय तवरीच! आता भिंती सरकवा."

"तुम्हीच या, धक्का मारा," मी म्हटलं.

ती खरंच आली. आजोबांनी रस्त्यावरच बसून बाहेरची दोन्ही चाकं सोडवली. ट्रॅक्टर पुढे गेला आणि मागून आम्ही दोघी म्हाताऱ्या एकेक चाक ढकलत निघालो. ती सारखी हसत होती. मला मात्र दर वळणावर वाटत होतं, हे तुमचं काम होतं. तुम्ही एवढ्यात शर्यत लावली असती.

बांधावर चाकं पुन्हा चढवली. आजोबा खाचरात उतरले तेव्हा मी डोळे मिटले. आवाज थांबला नाही, म्हणून उघडले. ट्रॅक्टर हळूहळू चालला होता आणि त्याच्यामागे चिखल घोटला जात होता. दोन दिवसांनी लावणी झाली. मी फोटो पाठवला. बाबांनी लिहिलं, "ठीक आहे. यंदा राहू दे."

यंदा. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आजोबांना मात्र तेवढा पुरला.

आता भात पोटरीला आलं आहे, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आहेत. ट्रॅक्टर बांधाजवळ ताडपत्रीखाली उभा आहे. बाहेरची चाकं काढल्याशिवाय तो त्या वाटेने घरी येणार नाही. मी दोनदा आठवण करून दिली, तर आजोबा म्हणाले, "बोल्ट घट्ट बसलेत. मुलं आली की काढू."

ते आयुष्यभर फिटर होते. त्या बोल्टांना एक दुपार पुरे, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मी पुन्हा विचारलं नाही.