हुंगायची नळी

लमायच्या पायाला साथीच्या त्या उन्हाळ्यात भिंगरीच लागली होती. तोंडावर मास्क, खांद्याला ताप मोजायच्या यंत्राची पिशवी, आणि बाई सकाळपासून स्कूटरवर. बँकॉकपासून दूर, ईसान भागातल्या त्या गावची ती आरोग्य-स्वयंसेविका. पूर्वी डास झाले तरच लोकांना तिची आठवण यायची. आता ती दिसली की माणसं घरात पळत.

"चान काका, सगळ्यांनी एका टोपलीतला भात खायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अगं, जन्मभर एकाच टोपलीत हात घातले. आता काय टोपल्यांचं दुकान टाकू?"

"टाका! पहिलं गिऱ्हाईक मी."

काका हसले, आणि तिची पाठ वळताच पुन्हा त्याच टोपलीत हात. लमायला ते पाठमोरी असतानाही कळलं. माणसं इतकी हट्टी का असतात, या विचाराने तिचं डोकं तापायचं.

तिच्या धावपळीचं खरं कारण घरी, खांबांना बांधलेल्या झोळीत पडलेलं होतं. तिची आई, खाम आजी. ऐंशी कधीच ओलांडलेली, कोळशाच्या भट्टीवर सगळी उमर गेलेली. चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची. हा आजार आईला झाला तर ती उठणार नाही, हे लमायला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिला एका जागी बसवत नव्हतं.

त्यात बँकॉकची हॉटेलं बंद झाली आणि तिथे भांडी घासणारी तिची मुलगी निफा परत आली. लमायने तिला उंच खांबांवरच्या घराच्या पायरीलाही पाय लावू दिला नाही. थेट शेतातल्या खोपटात धाडलं.

"पोटच्या पोरीला रानात टाकलंस!" आजी कडाडली. "सोंगक्रान तोंडावर आलाय. नव्या वर्षाला माझ्या हातावर पाणी कोण घालणार? तुझं ते यंत्र?"

"यंदा कुणीच घालायचं नाही, आई."

"म्हणजे आशीर्वादही कुणाला नको. बरं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी लमाय खोपटाजवळ गेली. भाताची पुडी खांबाला अडकवून लांब उभी राहिली. निफा डोकं धरून बसली होती.

"आई, गरगरतंय गं. तुझी नळी टाक ना."

कापूर-पुदिन्याची ती बोटाएवढी नळी. गावात एक वेळ खिशात पैसा नसेल, पण नळी असणारच. चक्कर आली, हुंगा. कंटाळा आला, हुंगा. शेजारी कुणी बसलं, त्याच्या नाकालाही लावा. लमायने विचारही न करता ती फेकली. निफाने दोन्ही नाकपुड्यांनी खोल ओढली आणि परत फेकली. घरी येता येता उन्हाने लमायचंही डोकं भणभणलं. तिने मास्क खाली ओढला आणि दोनदा हुंगली.

घरी आजी झोळीत घामाघूम होऊन पडली होती. लमाय पंख्याजवळ बसली, तशी आजीने रुसवा न सोडताच हात पुढे केला. "दे ती नळी."

लमायने दिली.

तेवढ्यात चौकातला कर्णा खरखरला. लमायचाच आवाज, आठवड्यापूर्वी भरून ठेवलेला: ग्लास वेगळा ठेवा, चमचा वेगळा ठेवा, टोपली वेगळी ठेवा... नळीचं नाव नव्हतं. तिला ते सुचलंच नव्हतं. आजीने एका नाकपुडीने ओढून नळी दुसरीला लावली होती. लमाय उडी मारून उठली आणि तिने आईच्या हातावर फाडकन फटका मारला. नळी घरंगळत अंगणात गेली.

शेजारची सेंग दारातच उभी होती. "आईवर हात उचललास? सणाच्या तोंडावर?"

 मास्क नाकावर ओढत लमाय मागे मागे सरली आणि जिना उतरली. "सेंग, आजपासून आईला तू बघ. मी खालीच राहते." आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

निफाला रात्री ताप भरला. सकाळी दवाखान्याची गाडी तिला घेऊन गेली आणि संध्याकाळी फोन आला: लागण झाली आहे. लमायच्याही नाकात काडी घालून नमुना नेला, तिचा निकाल काही येईना. ती आंब्याखालच्या बाजेवर झोपे, म्हणजे नुसती पडे. उठून झाडाभोवती फिरे, थांबे, वर कान लावी. आई खोकली का? नाही, ते कुत्रं होतं. आता? नाही, सेंगने खुर्ची ओढली. गावभर नियम सांगत फिरलेल्या बाईने आईच्या घरात आजार स्वतःच्या खिशातून आणला होता. त्या विचारासरशी तिला ओरडावंसं वाटे.

सोंगक्रानच्या सकाळी आजी वाडगं घेऊन कठड्याशी आली. पाण्यात मोगरा तरंगत होता.

"लमाय, इकडे ये. खाली उभी राहा."

"आई, आत जा बघू!"

"गप. तू वर यायचं नाहीस, एवढं मलाही कळतं."

आजीने फटका खाल्लेला हात कठड्याबाहेर धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच त्यावर पाणी ओतलं. ते बोटांवरून निथळत खाली लमायच्या केसांवर पडलं. लमायने हात जोडले. मास्कच्या आत नाक आणि वर डोळे, दोन्ही वाहू लागले.

"आई, चुकले मी. तुझ्यावर हात उचलला."

"मारलंस ते बरोबरच केलंस," आजी दम घेत म्हणाली. "एका नाकपुडीएवढा उशीर केलास, एवढंच."

वाडगं रिकामं करून ती आत गेली. लमाय ओल्या डोक्याने तिथेच उभी राहिली, वरून खोकला येतो का ते ऐकत.