चांदणीचं वकिलीचं दुसरं वर्ष

तर काल मी सांगत होतो, माझी नात चांदणी अर्थशास्त्र शिकायला लागली आणि घरात मासळी खायची पंचाईत झाली. पानात कोळंबी जास्त दिसली की विचारायची, "आजा, आज भाव पडला काय? का पडला?" मी म्हणायचो, "कोळणीला विचार. मी नुसता खाणारा." तर ही खरंच बाजारात जाऊन कोळणीला विचारून यायची आणि वहीत लिहायची.

भाईंदरच्या कॉलेजात गेलेली आमच्या पाड्यातली ती पहिली पोर. ब्याण्णव साली बी. ए. झाली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा राघो, म्हणाला, "झालं शिकून. आता स्थळ बघू." ती म्हणाली, "बघा. तोवर मी वकिलीला नाव घालते." आणि घातलंसुद्धा, ठाण्याच्या कॉलेजात. पहाटे घोडबंदरवरून जाणारी बस, दुपारी परत, आणि मग शांती नगरात शिकवण्या. तिथली गुजराती पोरं तिला 'चांदनी टीचर' म्हणायची. फी तिची तीच भरायची. एक स्थळ आलं होतं, चांगलं बँकेतलं. त्याने विचारलं, सध्या काय शिकता? ही म्हणाली, "फौजदारी." तो चहा अर्धा टाकून उठला!

दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी गिरिजा आमच्या ओटीवर आली. तिचा नवरा महिपत एका नव्या इमारतीच्या कामावर वॉचमन होता. तिथल्या लोखंडी सळया चोरल्या म्हणून त्याला पकडलेला, दीड महिना आत राहून जामिनावर सुटलेला, आणि आता कोर्टात केस उभी राहणार होती. पाड्यात लाइटबिल येवो की नोटीस, कागद आला की तो चांदणीकडेच यायचा. तसे गिरिजाने केसचे कागद तिच्यापुढे ठेवले. चांदणी वाचत गेली आणि एका पानावर थांबली.

"आजा, ही सही तुझी?"

माझीच होती. आमच्याकडच्या पोलीस चौकीला पंचनाम्यासाठी पंच लागला की मलाच हाक यायची. बसायला खुर्ची, प्यायला चहा, आणि वर जमादार सगळ्यांना सांगायचा, "काळूरामची सही बघा, छापल्यासारखी." गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मजकूर ते मागाहून सवडीने लिहायचे. मी कोऱ्या कागदाच्या खाली सही करून घरी यायचो. पंधराएक वर्षं असं चाललं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

चांदणीने वाचून दाखवलं. पंच काळूराम यांच्या समक्ष महिपतच्या खोपटातून अकरा सळया बाहेर काढल्या, असं लिहिलं होतं.

"तू बघितलंस?"

"मी चौकीतून हललोच न्हाय."

"सळई किती लांब असते?"

"चाळीस फूट. दुमडून आणतात, तरी वीस."

"नि महिपतकाकाचं खोपटं?"

गिरिजाच बोलली, "दहा बाय दहा. तो आडवा झाला की मी पाय बाहेर काढून निजते."

मला हसू आलं. चांदणी हसली नाही. म्हणाली, "अकरा खोपटात मिळाल्या, नि बाकी तीनशे विकल्या म्हणे. विकल्या त्या कुणाला? पुरवठा महिपतकाकाचा, मग मागणी कुणाची? इकडं लोखंड लागतं ते इमारती बांधणाऱ्यांनाच. हे कुणी विचारलंच न्हाय."

आठ दिवसांत मला समन्स आलं. मागोमाग जमादार घरी आला. "काळूराम, 'हो, माझ्यासमोर झालं' एवढंच बोलायचं. बाकी आम्ही बघतो." तो गेल्यावर राघो म्हणाला, "बाबा, चौकीशी वाकडं नको. आपल्याला इथंच राहायचंय." मी चांदणीकडे बघितलं.

"मी तुला काय शिकवणार न्हाय, आजा," ती म्हणाली. "पढवलेली साक्ष म्हणतात तिला. बघितलंस ते सांग, न्हाय बघितलंस ते न्हाय म्हण. पण तुझ्या 'हो'वर महिपतकाका दोन-तीन वर्षं आत जाईल, तेवढं ध्यानात ठेव."

त्यानंतर तारखेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. भाकऱ्या थापल्या, शिकवण्या घेतल्या, पुस्तक घेऊन दारात बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

तारखेला तिने कॉलेज बुडवलं आणि ठाण्याच्या कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसली. मी पिंजऱ्यात उभा. सरकारी वकिलाने कागद दाखवून विचारलं, "सही तुमची?" म्हटलं, माझी. "पंचनामा तुमच्यासमोर झाला?" जमादार माझ्याकडे बघत होता, महिपत जमिनीकडे. शेवटी म्हणालो, "साहेब, मी सही केली तेव्हा कागद कोरा होता."

सरकारी वकील उसळला, "पंच फितूर झालाय!" न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आजोबा, न वाचता सही करता? आजवर किती वेळा केलीत?"

"मोजल्या न्हाईत, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. महिपतच्या वकिलाने सळईची आणि खोपटाची लांबी विचारली तेव्हा तर पट्टेवालासुद्धा हसला. चांदणी मात्र वहीत मान घालून भराभर लिहीत होती. नंतर ती वही मी बघितली. पानावर नुसत्या रेघोट्या होत्या.

दोन महिन्यांनी महिपत निर्दोष सुटला. चौकीचा चहा मला बंद झाला, आणि राघो अजून कुरकुरत होता, "आज्याचं कोर्टात हसं केलं पोरीने." महिपत सुटला त्याच संध्याकाळी गिरिजाने खाजणाच्या चिखलातले निवटे मासे आणून दिले, पाटीभर, अजून उड्या मारणारे. चांदणी विळीवर ते साफ करत बसली. मी शेजारी टेकलो आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं, "पोरी, मी त्या दिवशी 'हो' म्हणालो असतो तर तू काय केलं असतंस?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "उठून बाहेर गेले असते, आजा, नि रडले असते. पण बस सुटायच्या आत तुला शोधत परत आले असते. तुला ठाण्याच्या स्टँडवर एकटा सोडला की तू भिवंडीच्या गाडीत बसतोस."