साक्षीदाराचा आवाज

कोर्टातल्या सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करण्यात बाईंची तेवीस वर्षं गेली होती. कचेरीत त्यांना सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत. दोन वकील एकाच दमात भांडले तरी कोण काय बोललं ते त्या बिनचूक वेगळं काढत.

आता हे काम त्या घरी, जेवणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर करत. आणि गेल्या दोन आठवड्यांपासून त्या कॉम्प्युटरने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. हेडफोन लावला की साक्षीदार जणू विहिरीच्या तळाशी बसून बोलत. कॉम्प्युटरचा आवाज शंभरावर, प्रोग्रामचा शंभरावर, हेडफोनच्या वायरवरचं चाकही टोकापर्यंत फिरवलेलं. तरी कुजबुज ती कुजबुजच.

“आवाज वाढवून बघ ना,” नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

“अहो, इतके दिवस मी काय करतेय? आरती ओवाळतेय त्याची?”

“मग एकदा कान दाखवून ये.”

हे फारच झोंबलं. पण त्या गेल्या. डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. मग नवा हेडफोन आणला. तोही तसाच घुमा. सोमवारी मात्र कळस झाला. साक्षीदार म्हणाला होता, “दार बंद नव्हतं.” त्यातलं ‘नव्हतं’ बाईंना ‘होतं’ ऐकू आलं. हेडक्लार्कचा फोन आला.

“बाई, तुमच्याकडून ही चूक? गुरुवारी चारपर्यंत सगळी साक्ष पुन्हा ऐकून पाठवा.”

बाईंना रडावं की कुणाला तरी बदडावं ते कळेना. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने हेडफोनची पिन पुढून काढून मागे लावली, आवाजाचे काही प्रोग्राम उडवले, पुन्हा भरले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आवाज खणखणीत आला! “बघा मॅडम, झालं,” म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फोनवर तो म्हणाला, “मग साउंड कार्डच गेलं. नवं मागवतो.”

गुरुवारी बाई नवरा उठायच्या आधीच कॉम्प्युटर चालू करून कामाला बसल्या. आवाज स्वच्छ! उलट आवाजाच्या पट्ट्या निम्म्यावर आणाव्या लागल्या. साक्षीदाराचं खाकरणंसुद्धा ऐकू येत होतं. दहा पानं झपाझप झाली. तेवढ्यात नवरा आला.

“पाच मिनिटं उठ गं. ताईशी बोलून घेतो.”

दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेला बहीणभावाचा हा रोजचा व्हिडिओ कॉल. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. बाई परत बसल्या, हेडफोन लावला, आणि साक्षीदार पुन्हा विहिरीत. पट्ट्या परत शंभरावर नेल्या, तरी तेच.

“अहो! तुम्ही याला काय केलंत?”

“मी? बोललो, ते चित्र खाली सारलं आणि उठलो.”

“बंद नाही केलंत?”

“दिसत नाही म्हणजे बंदच ना!”

बाईंनी पडद्याच्या तळाशी पाहिलं. कॉलचं चिन्ह हिरवंगार. उघडलं तर नणंदबाई कधीच निघून गेलेल्या आणि नवऱ्याच्या नावाचा कॉल एकटाच चालू. त्यांनी दात ओठ खात तो बंद केला. त्याबरोबर साक्षीदार कानात असा गरजला की त्यांनी हेडफोन ओढून टेबलावर फेकला. सगळ्या पट्ट्या शंभरावरच होत्या!

मग त्या आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरल्या. अगदी शेवटच्या पानावर एक ओळ सापडली: कॉल चालू असेल तर बाकीचे आवाज ऐंशी टक्क्यांनी कमी करा. त्यापुढची खूण काढून त्यांनी ‘काहीही करू नका’वर ठेवली.

“म्हणजे शेवटी आवाज वाढवायचाच होता,” नवरा म्हणाला.

बाईंनी रिकामा कप त्याच्यापुढे सरकवला. तो मुकाट्याने चहा करायला गेला.

साक्ष साडेतीनला गेली. हेडक्लार्कचं उत्तर आलं, ‘ठीक.’ एवढंच. बाईंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“कार्ड नको. दोष सापडला.”

“असं कसं मॅडम? कार्ड तर निघालंय तिकडून.”

“मग तुम्हीच ऐका त्याच्यावर,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.