एक बेडूक, दोन पेठा

प्राध्यापकानं वर्गात एका जागी उभं राहावं म्हणतात. मला ते जन्मात जमलं नाही. बेडकाचं हृदय शिकवताना फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं मी इतका पळायचो, की तेवढ्या पळण्यात माणूस घाटातल्या गगनबावड्याला जाऊन परत आला असता. शर्टाखाली शिट्टी. तास संपला की थेट मैदानावर, कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवायला.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी प्राचार्यांनी दम दिला, "यंदा कॉलेजांची फायनल हरलात तर टीम बंद. मग बेडूक कापत निवांत बसा."

निवांत! माझी झोपच उडाली. टीम वाघासारखी होती. पण दोन्ही फॉरवर्ड दोन वैरी पेठांच्या तालमींचे; आमच्याकडं प्रत्येक तालमीची आपली फुटबॉल टीम. रविवारी तालमीच्या मॅचला एकमेकांच्या नडग्या फोडायचे आणि सोमवारी कॉलेजच्या जर्सीत एकमेकांना पास द्यायचे नाहीत. समोर गोल मोकळा असला तरी नाही.

"अरे, दे की त्याला!"

"सर, पेठंत तोंड कसं दाखवू?"

दोघंही माझ्याच वर्गात. मी प्रॅक्टिकलला दोघांत मिळून एकच बेडूक दिला. एकानं चिमट्यात धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. पहिल्या दिवशी अशी ओढाताण झाली, की मेलेला बेडूक उठून पळतोय की काय, असं मला वाटलं.

"धर की नीट!"

"तू काप की नीट! शीर तोडलीस, बघ!"

भांडण काही संपलं नाही. पण हळूहळू एकानं "धर" म्हणायच्या आत दुसऱ्याचा चिमटा पोचायला लागला.

फायनलला शेवटपर्यंत बरोबरी. मैदानाच्या कडेनं मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की तिथं अजून गवत उगवत नाही. अगदी शेवटी एकाच्या पायात बॉल, अंगावर तिघं, पलीकडं दुसरा मोकळा. त्यानं वर बघितलं. समोर त्याची अख्खी पेठ बसलेली. शिट्टी माझ्या दातांत.

"धर!" तो ओरडला, आणि बॉल सोडला.

दुसऱ्यानं धरला. गोल!

टीम वाचली. पुढच्या रविवारी तालमींची मॅच. दोघं परत एकमेकांच्या नडग्यांवर. मी पोचताच दोन्ही बाजूंनी हाका आल्या, "सर, इकडं बसा की!"

कुठं बसणार? मैदानाभोवती चकरा मारतच मॅच बघितली. अजूनही तशीच बघतो.